जुन्या ट्रकचे ब्रेक : भाग बदलण्याआधी स्ट्रोक मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की फोंडा, सावर्डे, डिचोली भागातल्या गॅरेजांत जुन्या ट्रकांची रांग लागते. मालकाची मागणी ठरलेली असते : लायनर (ब्रेकमधला घासणारा पट्टा) बदला आणि ब्रेक कडक करून द्या. काम होतं, गाडी सपाटीवर चांगली थांबते, आणि तीच गाडी भरून अनमोड घाटाचा उतार उतरताना अर्ध्या वाटेत ब्रेक सोडून देते. असं का होतं आणि जुन्या ट्रकच्या ब्रेकमध्ये खरी सुधारणा कुठून सुरू करायची, हे मालक-चालकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. आम्ही जड वाहनांच्या ब्रेकचं काम करणारे फिटर आहोत. पुढचे आकडे हवेवर चालणाऱ्या, एस कॅम आणि ड्रम असलेल्या ब्रेकचे आहेत. रस्त्यावरचे बहुतेक जुने सहा आणि दहा चाकी ट्रक-टिपर याच प्रकारचे आहेत. यात हवा चेंबर या डब्यातल्या रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रामला ढकलते. त्याचा पुश रॉड बाहेर येऊन स्लॅक ॲडजस्टर (थोडक्यात स्लॅक) हा हात फिरवतो, त्याने इंग्रजी एसच्या आकाराचा कॅम फिरतो आणि लायनर लावलेले दोन शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून दाबले जातात. रॉड जेवढा बाहेर येतो तो स्ट्रोक.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये लायनर झिजलं की पेडल खाली जातं आणि चालकाला पायालाच कळतं. हवेच्या ब्रेकमध्ये तसं होत नाही. पेडल फक्त व्हॉल्व्ह उघडतं. चेंबरचा पुश रॉड २५ मिमी बाहेर येऊन ब्रेक लागला काय किंवा ६० मिमी येऊन लागला काय, पायाला दोन्ही सारखंच वाटतं. फरक असतो तो चेंबरच्या आत. ‘टाइप ३०’ चेंबर म्हणजे डायफ्रामचं कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच. ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाच्या हवेला तो साधारण १,३५० किलोचा जोर देतो. पण त्याचा पूर्ण स्ट्रोक ६४ मिमी असतो. रॉड ५० मिमीच्या पुढे गेला की जोर घसरू लागतो आणि शेवटाला टेकला की चाकापर्यंत काहीच पोचत नाही. टाकीत हवा पूर्ण, काटा सातवर, आणि चाक मोकळं.

यात घाटातली उष्णता मिसळा. ४१० मिमी व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सव्वा मिमीहून अधिक वाढतो. ऐकायला हे काहीच नाही. पण कॅमची त्रिज्या लहान आणि स्लॅक ॲडजस्टरचा हात लांब असल्यामुळे ड्रम आणि लायनरमधली ही वाढलेली फट भरायला पुश रॉडला १० ते १५ मिमी जास्त बाहेर यावं लागतं. म्हणजे थंड असताना ५५ मिमी स्ट्रोक असलेली गाडी फोंड्याच्या रस्त्यावर व्यवस्थित थांबेल, घाटाच्या मध्यावर तिचा चेंबर तळाला टेकेल. त्यात लायनर तापून त्याचं घर्षणही कमी झालेलं असतं. ब्रेक थंड असताना सपाटीवर गाडी थांबते हा ब्रेक चांगले असल्याचा पुरावा नाही, हे आम्हाला या पत्रातून सगळ्यात आधी सांगायचं आहे.

म्हणून पहिलं काम मोजमापाचं. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हवा साडेसहा ते सात किलो भरा, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा. ब्रेक थंड हवेत. चेंबरच्या तोंडाशी पुश रॉडवर खडूची खूण करा. दुसऱ्या माणसाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि खूण किती बाहेर आली ते पट्टीने मोजा. प्रत्येक चाकाचं. टाइप ३० चेंबरला ५१ मिमी आणि टाइप २४ ला ४५ मिमी ही शेवटची मर्यादा. तिथे पोचलेली गाडी घाटात नेऊ नये. चेंबर कोणता हे वाचता येत नसेल तर चेंबरचे दोन भाग धरणाऱ्या क्लॅम्पचा बाहेरचा व्यास मोजा : टाइप २४ साधारण १८४ मिमी भरतो, टाइप ३० साधारण २०६. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत ६ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढणार, आणि ओल्या रस्त्यावर ते जास्त जाणवणार.

स्लॅक हाताने सेट करायचा असेल तर क्रम असा. स्लॅकच्या नटावरची, नट धरून ठेवणारी लॉक स्लीव्ह पाना दाबून आत ढकला. नट फिरवताना पुश रॉडकडे लक्ष ठेवा. रॉड चेंबरमधून बाहेर ओढला जात असेल तर नट उलटा फिरतो आहे. लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळा, मग पाव ते अर्धा फेरा सैल करा. स्लीव्ह परत बाहेर आलीच पाहिजे. ती आत अडकून राहिली तर स्लॅक चालता चालता आपोआप सैल होतो. नंतर पहारीने स्लॅक ओढून पाहा : लायनर ड्रमला लागेपर्यंत १३ ते १६ मिमी हालचाल योग्य. त्याहून कमी ठेवली तर ब्रेक घासत राहतो आणि घाट लागायच्या आधीच ड्रम तापलेला असतो. ‘कडक ब्रेक’ मागणाऱ्या मालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

गरम ड्रमवर स्लॅक कधीही आवळू नये. घाट उतरून मोलेला थांबल्यावर ब्रेक कमी लागतात म्हणून तिथेच पाना घेऊन बसणारे चालक आहेत. त्या वेळी ड्रम फुगलेला असतो. अर्ध्या तासाने तो आकसतो आणि लायनरवर चिकटून बसतो. मग पुढच्या प्रवासात ते चाक धुरावतं, ग्रीस वितळतं, हबचं सील जातं. गरम ब्रेकवर पार्किंग लावून गाडी सोडणंही याच कारणाने टाळावं. ठोकळे लावून उभी करावी.

बाजारात लायनर झिजेल तशी फट आपोआप भरून काढणारे ऑटो स्लॅक ॲडजस्टर मिळतात आणि जुन्या गाडीत पैसे घालायचेच तर आमच्या मते पहिले इथे घालावेत. मात्र एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच बनावटीचे, हाताची लांबी आणि कॅम शाफ्टच्या दात्यांची संख्या मूळ स्लॅकइतकीच असलेले बसवा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना स्लॅकचा हात आणि पुश रॉड यांच्यात काटकोनाच्या जवळपास कोन यायला हवा. लांब हाताचा स्लॅक लावून जोर वाढवण्याची युक्ती करू नका. हात लांब म्हणजे तेवढ्याच फटीसाठी स्ट्रोक जास्त. आणि ऑटो स्लॅक बसवल्यावर त्याला पाना लावून आवळत राहणं हा उपाय नव्हे. ऑटो असूनही स्ट्रोक वाढत असेल तर दोष दुसरीकडे आहे : कॅमचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो तो), रॉड आणि स्लॅक जोडणाऱ्या क्लेव्हिसची पिन, शूच्या टोकाचा चपटा झालेला रोलर किंवा स्लॅकचा पकडणारा ब्रॅकेट. पान्याने आवळल्यावर तो दोष काही दिवस झाकला जातो, एवढंच.

कॅम शाफ्टचा बुश हा जुन्या गाडीत सगळ्यात दुर्लक्षित भाग. शाफ्ट पहारीने वर-खाली हलवून बघा. पाऊण मिमीपेक्षा जास्त खेळ असेल तर बुश बदला. झिजलेल्या बुशात शाफ्ट आधी तिरका होतो आणि मग फिरतो, म्हणजे बराच स्ट्रोक तिथेच वाया जातो. वर कॅम दोन शूंना सारखं ढकलत नाही, एक लायनर लवकर संपतं. ग्रीस भरताना हात आवरता ठेवा. नळीतून ओसंडलेलं ग्रीस शेवटी लायनरवर जातं, आणि तेल-ग्रीस प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरण्यासारखं राहत नाही. ते बदलायचं, आणि दोन्ही बाजूंचं बदलायचं.

आता लायनरविषयी. लायनरच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं सामान्य तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं गरम झाल्यावरचं. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटाच्या गाडीला दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली घसरलेलं नको. अक्षरंच नसलेलं स्वस्त लायनर घेऊ नका. एका बाजूला एक कंपनी, दुसऱ्या बाजूला दुसरी, हे तर नकोच.

नव्या लायनरने ब्रेक सुधारत नाहीत अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा लायनर ड्रमला पूर्ण टेकलेलं नसतं. झिजून किंवा लेथवर लावून मोठा झालेल्या ड्रममध्ये मूळ मापाचं लायनर फक्त मध्यावर टेकतं. तेवढाच पट्टा जळतो, चमकदार होतो आणि निसटू लागतो. ड्रम टर्न केला असेल तर त्या मापाचं जाड लायनर लावून शू ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून घ्यायला हवेत. रिव्हेट मध्यापासून कडेकडे मारा. नंतर लायनर आणि शूच्या मधे पाव मिमीची फीलर पट्टी कुठेही शिरता कामा नये. रिटर्न स्प्रिंग प्रत्येक वेळी नव्या घाला, त्यांचा खर्च किरकोळ आहे. गाडी रस्त्यावर काढल्यावर ताशी ४० वरून १५ पर्यंत पंधरा-वीस वेळा हलके ब्रेक लावून मधे थंड होऊ द्या, मगच माल भरा. शूच्या मध्यावर लायनर ६ मिमीवर आलं की ते संपलं असं समजा.

ड्रमचा कमाल व्यास ड्रमवरच ओतलेला असतो. त्या मापाच्या जवळ पोचलेला ड्रम पुन्हा टर्न करून पैसे वाचत नाहीत. पातळ ड्रम कमी उष्णता साठवतो, जास्त फुगतो, आणि वर सांगितलेला स्ट्रोक आणखी खातो. आतल्या पृष्ठभागावर बारीक जाळीसारख्या रेषा चालतात, पण कडेपर्यंत गेलेली चीर चालत नाही. ड्रम टांगून हातोडीने हलकं वाजवा; खणखणीत आवाज आला तर ठीक, फुटका आला तर भंगारात.

गोव्यात याला खाणमातीची जोड आहे. खनिजाची बारीक पूड ड्रममध्ये शिरली की लायनर आणि ड्रम दोन्ही चरे पडून झिजतात. मागचे डस्ट कव्हर हवा लागावी म्हणून काढून टाकलेले अनेक टिपर दिसतात. आमच्या मते इथल्या चिखलात ते असलेलेच बरे. ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ काम करणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. पाण्याने ओलं करून कपड्याने पुसून काढा.

खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद झाल्या तेव्हा कितीतरी टिपर अंगणात उभे राहिले. अशी उभी राहिलेली गाडी परत धंद्याला लावताना नुसती हवा भरून बघणं पुरेसं नाही. चेंबरचे डायफ्राम कडक होऊन तडकलेले असतात आणि पेडल दाबल्यावरच गळतात. स्लॅक आतून गंजून जाम होतो. व्हॉल्व्हच्या तोंडात कुंभारमाशीची माती असते. मागच्या चेंबरमधली पार्किंगची स्प्रिंग खाऱ्या दमट हवेत गंजून तुटलेली असू शकते. प्रत्येक चाक उघडा, रबराचा प्रत्येक भाग बदला. मात्र त्या स्प्रिंगच्या डब्याचा क्लॅम्प कोणीही उघडू नये. आतली स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने दाबलेली असते आणि उघडणाऱ्याचा जीव घेते. बोल्टने स्प्रिंग आवळून पूर्ण चेंबरच बदलावा.

हवेची तपासणी तशी सोपी. टाकीच्या टेस्ट पॉइंटला चांगला गेज लावा, कारण डॅशबोर्डच्या काट्यावर बारीक फरक दिसत नाही. इंजिन बंद, पार्किंग सोडलेला, चाकांना ठोकळे : एका मिनिटात ०.१५ किलोपेक्षा जास्त हवा जाऊ नये. पेडल पूर्ण दाबून धरल्यावर पहिली घसरण सोडून पुढच्या मिनिटात ०.२ किलोच्या आत. जास्त गेली तर साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासा. सहावरून सात किलोवर यायला पाऊण मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर कॉम्प्रेसर दमला आहे किंवा त्याची बाहेरची नळी काजळीने बुजली आहे. मग तोच गेज मागच्या चेंबरला लावून पेडल दाबा. तिथे हवा उशिरा पोचत असेल तर मागच्या चेंबरना हवा सोडणारा रिले व्हॉल्व्ह किंवा पाइप बघा. दुरुस्तीत मूळपेक्षा बारीक पाइप टाकलेला सापडतो तो इथेच.

टाकीचं पाणी पावसाळ्यात रोज सोडावं. पाण्याबरोबर तेल येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंग गेल्या. हवेतला ओलावा टिपणारा एअर ड्रायर नसलेल्या जुन्या गाडीला तो बसवणं हा इथल्या हवामानात पैसे वसूल करणारा बदल आहे, कारण व्हॉल्व्ह अडकण्याचं मूळ बहुतेकदा टाकीतला गंज आणि चिखल असतो. त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदला.

एक बाब मालकांच्या सहसा लक्षात येत नाही. जास्त माल बसावा म्हणून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले जातात. ज्या गाडीत मागच्या ॲक्सलवर भाराप्रमाणे हवा सोडणारा व्हॉल्व्ह आहे, तो चासी आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून भार ओळखतो. पाटे वाढवल्यावर भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकची हवा कापतो. भार वाढला आणि ब्रेक कमी झाला. पाट्यांना हात लावला तर त्या व्हॉल्व्हची सेटिंग कंपनीच्या तक्त्याप्रमाणे पुन्हा झालीच पाहिजे. तारेने बांधून ठेवला तर रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात लॉक होतात.

घाटातल्या उष्णतेचा हिशेब एकदा पाहावा. १६ टनी गाडी शंभर मीटरला सहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० ने येत असेल तर टायर आणि हवेचा विरोध वजा जाता ८० किलोवॅटच्या आसपास उष्णता सतत कुठेतरी जिरवावी लागते. वेग २० वर आणला तर ती जवळपास निम्मी होते. बेळगावकडून गोव्यात माल आणणारी गाडी उतारावर भरलेली असते, म्हणून अनमोड असो वा चोर्ला, घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर घालायला हवा. न्यूट्रल तर नाहीच. पेडलवर पाय हलका ठेवून सतत घासण्यापेक्षा वेग ३० वर गेला की ठाम ब्रेक लावून २० वर आणावा आणि पूर्ण सोडावा. हलक्या दाबाला सगळी चाकं सारखं काम करत नाहीत, जी आधी लागतात तीच भाजून निघतात.

जुन्या गाडीत धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो आणि बहुतेकदा तो बंद पडलेला असतो. सायलेन्सरच्या पाइपातली झडप गंजून उघडीच अडकते. ती सोडवा, दांडीची जोडणी बसवा, मॅनिफोल्डच्या सांध्यातून धूर गळत असेल तर गॅस्केट बदला, कारण गळतीत मागचा दाब टिकत नाही. इंजिनाचे फेरे चढे असतानाच तो कामाचा असतो, म्हणजे पुन्हा खालचा गिअर आला. इंजिन न बघता जास्त दाबाची दुसरी झडप बसवू नका; एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगना तो दाब पेलत नाही.

चेंबर मोठा लावणं, भंगारातून रुंद ड्रमचा ॲक्सल आणून बसवणं, असे बदल गॅरेजमध्ये होतात. त्याला आमचा विरोध आहे. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने वजनाप्रमाणे जुळवलेला असतो. एक ॲक्सल जोरदार केला की तीच चाकं आधी लॉक होतात. वाहनात केलेल्या बदलांविषयीच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही प्रश्न येतो. मूळ मापाचे चांगले भाग नीट जुळवले तर जुना ट्रक चांगला थांबतो.

आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या तपासणीत प्रत्येक चाकाचा थंड स्ट्रोक मोजून दाखल्यावर लिहिला जावा, अशी वाहतूक खात्याला आमची विनंती आहे. मागच्या जोडचाकांना मिळून एकच ब्रेक असतो, म्हणून सहा चाकी गाडीचे चार आकडे, दहा चाकीचे सहा. पट्टी, खडू आणि दोन माणसं, एवढंच लागतं. मालकांनी तोवर गॅरेजच्या बिलावरच हे आकडे लिहून मागावेत, काम करण्यापूर्वीचे आणि नंतरचे. चालकांसाठी हजार-दोन हजारांत लांबून तापमान दाखवणारी थर्मामीटर गन मिळते. उतार संपल्यावर ती प्रत्येक ड्रमवर धरावी. बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं चाक घासतं आहे आणि जे थंड आहे ते कामच करत नाही. गाडी पुन्हा भरण्याआधी ती दोन्ही चाकं उघडून घ्यावीत.

आपले,
जड वाहनांच्या ब्रेकचं काम करणारे काही फिटर
फोंडा, गोवा